राजीनामा टंकून तयार होता, फक्त सही बाकी होती

प्रश्न : सही_बाकी

मी एका मध्यम आकाराच्या आस्थापनेत सहा वर्षांपासून हिशेबाचे काम पाहतो. काल दुपारी मनुष्यबळ विभागाने मला बैठकीच्या खोलीत बोलावले, तेव्हा टेबलावर माझ्या नावाने टंकलेला राजीनामा ठेवलेला होता. त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे शब्द होते आणि तारीखही अगोदरच घातलेली होती. कामगिरी समाधानकारक नसल्यामुळे मला कमी करण्याचे ठरले आहे, मात्र आपणहून राजीनामा दिल्यास अनुभवाचे प्रमाणपत्र चांगले देऊ, असे सांगण्यात आले. आजवर मला एकही लेखी ताकीद मिळालेली नाही. गेल्या वर्षीच्या मूल्यमापनात तर ‘चांगला’ असा शेरा आहे. सोमवारपर्यंतची मुदत मागून मी बाहेर आलो. सही करावी की नकार द्यावा?

उत्तर : श्रमन्यायालयाची_पायरी

सही न करता बाहेर आलात, हे उत्तम केलेत. सेवासमाप्तीचा आदेश मालकाने काढला, तर त्यामागचे कारण त्याला दाखवावे लागते. राजीनाम्याखाली तुमची सही असली, तर तो दबावाखाली घेतला गेला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सहसा तुमच्यावर येते, आणि बंद खोलीतल्या बोलण्याला साक्षीदार कोठून आणणार? दबावाने घेतलेला राजीनामा म्हणजे प्रत्यक्षात कामावरून काढणेच, असे अनेक देशांतील न्यायालये मानतात, परंतु तेथवर पोहोचण्याची वाट लांबची असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८२ चा करार क्रमांक १५८ सांगतो की कामगाराची क्षमता, त्याचे वर्तन किंवा आस्थापनेची कार्यात्मक गरज यांच्याशी निगडित वैध कारणाशिवाय कोणालाही काढू नये, आणि कारण कामगिरीचे वा वर्तनाचे असेल तर आधी त्याला आपली बाजू मांडू द्यावी. त्याच वर्षीची शिफारस क्रमांक १६६ तुमच्या प्रकरणाला अधिक जवळची आहे : असमाधानकारक कामासाठी काढण्यापूर्वी योग्य सूचना व लेखी ताकीद द्यावी आणि सुधारण्यास वाजवी अवधी द्यावा, असे ती म्हणते. करार सर्व देशांनी स्वीकारलेला नाही आणि शिफारस बंधनकारक नसते, म्हणून तुम्हाला लागू असलेला कायदा व नेमणूकपत्रातील नोटिशीचे कलम आजच वाचून काढा.

काल काय घडले ते तारीख, वेळ आणि उपस्थितांच्या नावांसह आजच ई-मेलने त्यांना कळवा; ‘राजीनामा देण्याचा माझा विचार नाही’ हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. मूल्यमापनाची तुमची प्रत जपून ठेवा. मात्र हिशेबाच्या फायली पुरावा म्हणून घरी नेऊ नका, कारण हिशेबनिसाच्या बाबतीत नेमका तोच गैरवर्तनाचा आरोप होतो आणि आज त्यांच्याकडे नसलेले कारण तुम्हीच त्यांच्या हाती देता.

उत्तर : चाळीस_जणांचा_मालक

मालकाच्या बाजूने लिहितो. असा टंकलेला कागद मीही एकदा पुढे केला आहे, आणि त्यामागे क्रौर्यापेक्षा आळस अधिक होता, हे कबूल करतो : ताकीद देणे, सुधारणेची नोंद ठेवणे, उत्तर ऐकून घेणे, हे सारे टाळायचे होते. त्या माणसाने सही केली नाही आणि शेवटी मला नोटिशीचा पगार देऊन रीतसर मार्गानेच जावे लागले.

तुम्हालाही तेथे राहायचे नसेल, तर राजीनाम्याऐवजी परस्पर संमतीने सेवासमाप्तीचा करार मागा. नोटिशीचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, देय रकमांची तारीख आणि प्रमाणपत्राचा नेमका मजकूर त्यात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाची आठवण देणाऱ्यालाही महिनाभराने राहत नाही.

उत्तर : दुसऱ्या_नोकरीत

प्रमाणपत्राच्या धाकाने मी सही केली होती. मिळालेल्या कागदावर रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि पद, एवढेच होते. ‘चांगले’ प्रमाणपत्र म्हणून काही वेगळे निघालेच नाही.

उत्तर : श्रमन्यायालयाची_पायरी

वरील अनुभव बोलका आहे. शिफारस १६६ नुसार मागणी केल्यावर द्यायच्या प्रमाणपत्रात नेमणुकीची तारीख, समाप्तीची तारीख व कामाचे स्वरूप एवढेच असावे; वर्तनाचे व कामाचे मूल्यमापन कामगाराने स्वतः मागितले तरच द्यावे. तेव्हा ज्याच्या बदल्यात तुमच्याकडून सही मागितली जात आहे, ती काही मेहेरबानी नव्हे.

सही_बाकी

सर्वांचे आभार. ई-मेल पाठवला. ‘सोमवारची बैठक तूर्त रद्द करण्यात आली आहे’ एवढेच उत्तर आले. राजीनाम्याचा त्यात उल्लेखही नाही. आता लेखी ताकीद आली, तर तिला उत्तर द्यावे का?

श्रमन्यायालयाची_पायरी

जरूर द्यावे, आणि मुदतीच्या आत, मुद्देसूद द्यावे. न दिलेले उत्तर पुढे मान्यता म्हणून दाखवले जाते. आणि प्रत्यक्ष सेवासमाप्ती झालीच, तर दाद मागण्याची मुदत त्या दिवसापासून मोजायला घ्या; वाटाघाटी चालू आहेत म्हणून ती थांबेल, असे गृहीत धरू नका.