साक्ष बदलली म्हणून खोटी ठरत नाही
मिशनरी आपली साक्ष, म्हणजे आपण ख्रिस्ती कसे झालो याची कहाणी, दरवेळी रंगवून सांगतात, म्हणून ती विश्वासार्ह नाही, असं एक मत आहे. ते अर्धंच पटतं. कोणती आठवण सांगायची याची निवड होतेच. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक घ्या. रेल्वेत भेटलेल्या गोऱ्या गृहस्थाने 'दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल' म्हटलं, ही आठवण १८९५ च्या बाप्तिस्म्यामुळेच मोलाची ठरली.

पण पंडिता रमाबाईंच्या साक्षीत प्रसंग तेच राहून वळणाची जागा सरकते. बाप्तिस्मा १८८३ चा. १९०७ च्या साक्षीत मात्र त्या सांगतात, तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो सापडायला आठेक वर्षं गेली. म्हणून प्रत्येक साक्षीवर आधी साल आणि श्रोता कोण ते लिहून ठेवावं. रमाबाईंच्या १९०७ च्या साक्षीआधी त्यांच्याच मुक्ती मिशन या संस्थेत १९०५ ची आध्यात्मिक जागृती होऊन गेली होती.