मदत हवी आहे: आरोग्यसेवेतल्या एआयसाठी 'गरज' मोजायची कशावरून?

मंडळी, डॉक्टर कमी असलेल्या भागांत एआय वापरण्यावर टिपण लिहितेय, एका जागी अडलेय. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाचा संशय हेरणाऱ्या सॉफ्टवेअरची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच केली. इथवर ठीक. पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका अल्गोरिदमचं बिंग फुटलं: रुग्णाची गरज तो उपचारांच्या खर्चावरून ठरवायचा. कृष्णवर्णीयांवर मुळात खर्चच कमी व्हायचा, म्हणून तितकेच आजारी असूनही ते यादीत मागे! आणि जो दवाखान्यात कधी पोचलाच नाही, त्याची तर नोंदही नसते.

मग खर्चाऐवजी निकष कोणता धरावा? शिवाय एक्स-रेत संशय आल्यावर थुंकीची तपासणी, औषधं खरंच मिळाली का, याचा पाठपुरावा कुणी केलाय? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगा. कंपन्यांची जाहिरातपत्रकं वाचून झालीत.