मदत हवी आहे : ब्रश बदलूनही ग्राइंडर मागून ठिणग्या टाकतो

पऱ्हाटी (दारव्हा) :
लोखंड घासायचा चार इंची ग्राइंडर चालवताना ठिणग्या निघतात आणि जळकट वास येतो. मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे दोन्ही कार्बन ब्रश नवे बसवले, तरी फरक पडला नाही. वखराच्या पासा (लोखंडी पाती) पाजवायच्या आहेत आणि यंत्र यवतमाळला पाठवून वाट पाहण्याइतकी सवड नाही. आर्मेचर (मोटारीचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळाले असे समजून नवे मागवावे काय, एवढेच सांगावे.

वर्धेचा फिटर :
ठिणग्या चकतीपाशी निघतात की मागच्या जाळीतून, ब्रश त्याच मॉडेलचे आहेत का आणि वीज कोठून ओढली आहे, हे कळल्याशिवाय आर्मेचरचा खर्च सुचवणे योग्य होणार नाही.

काटोलकर :
माझ्या मते पास ग्राइंडरवर पाजवूच नये. कड निळी पडली की पोलादाचे पाणी उतरते आणि पहिल्याच वखरणीत धार बोथट होते. लोहाराच्या भात्याला पर्याय नाही.

पऱ्हाटी :
काटोलकर भाऊ, आमच्या गावात आता लोहार उरलेला नाही आणि माझा प्रश्नही तो नव्हता. ठिणग्या शीर्षकात लिहिल्याप्रमाणे मागच्या जाळीतूनच दिसतात. त्या मॉडेलचे ब्रश मिळाले नाहीत, म्हणून दुकानदाराने थोडे मोठे ब्रश घासून बसवून दिले. वीज घरून शंभर मीटर केबलने गोठ्यापर्यंत आणली आहे.

वर्धेचा फिटर :
मग आधी ब्रशच पाहावेत. प्लग काढून ब्रश बाहेर घ्या. हाताने घासलेला ब्रश खाचेत अडकतो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही आणि कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, तो अर्धवट टेकून ठिणगी पाडतो. नवा ब्रश घासून नीट बसेपर्यंत त्याच्या कडेला बारीक निळसर ठिणगी दिसणे स्वाभाविक आहे. मात्र ठिणग्यांचे कडेच कम्युटेटरभोवती फिरू लागले किंवा काही पट्ट्या इतरांपेक्षा काळ्या पडल्या, तर आर्मेचरवर संशय घ्यावा.

चिमूरवाला :
एवढा खटाटोप कशाला? स्टॅबिलायझर लावा. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज 170 पर्यंत उतरते, म्हणून मी तेच केले आणि माझे यंत्र उत्तम चालते.

वर्धेचा फिटर :
तुमच्याकडे घरातच व्होल्टेज कमी असेल, तर तुमचा उपाय तुमच्यापुरता बरोबर आहे. येथे घट केबलमध्ये होत असावी. पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल शंभर मीटर ओढली, तर 850 वॅटचे यंत्र साधारण 20 व्होल्ट वाटेतच गमावते आणि दाब दिल्यावर त्याहून अधिक. वेग उतरतो, मोटारीवरचा पंखा मंदावतो, माणूस आणखी जोर लावतो आणि मोटारीतील तारांचे वळण तापते. जळकट वास बहुधा त्याचाच आहे. यंत्र चालू असताना गोठ्याकडच्या टोकाला व्होल्टेज मोजून घ्यावे, पण ते काम वायरमनकडून करवावे.

चिमूरवाला :
मोजल्यावर घरातही कमीच निघेल, हे मी आताच लिहून ठेवतो.

आर्णीची सून :
गोठ्यात कुटार (सुका भुसा) आहे का? एक ठिणगी आत शिरली तर कुटार तासन् तास धुमसत राहते आणि माणसे निजल्यावर पेट घेते. शिवाय पास घासायला कोणती चकती लावली आहे, हेही आपण लिहिलेले नाही.

पऱ्हाटी :
कुटार पलीकडच्या खणात आहे. चकती पातळ, कटिंगची आहे. गार्ड (चकतीवरचे संरक्षक झाकण) आड येतो म्हणून काढलेला आहे.

आर्णीची सून :
दादा, मग ब्रशांची चर्चा नंतर करावी. साधारण एक मिलिमीटर जाडीची कटिंगची चकती बाजूने दाब घेण्यासाठी नसते. मिनिटाला 11,000 फेऱ्यांवर चार इंची चकतीची कड ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. तुकडा उडाला तर त्याच्या आड फक्त गार्ड असतो. जाड ग्राइंडिंगची चकती आणावी, तिच्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा अधिक असल्याचे पाहावे, गार्ड बसवावा आणि डोळ्यांवर चष्मा लावावा.

काटोलकर :
आणि पास मधून मधून पाण्यात बुडवावी, म्हणजे निळी पडणार नाही.

पऱ्हाटी :
एक ब्रश खरोखरच खाचेत घट्ट बसला होता. तो कानशीने मोकळा केल्यावर मागच्या ठिणग्या बऱ्याच कमी झाल्या. मूळ मॉडेलचे ब्रश नागपूरहून मागवले आहेत. वायरमनने मोजले, तेव्हा घरात 221 आणि गोठ्यात, यंत्रावर दाब असताना, 187 व्होल्ट भरले. जाड केबलचा भाव ऐकून पासाच घरच्या अंगणात आणल्या. आर्मेचर तूर्त मागवत नाही. जाड चकती आणि गार्ड, दोन्ही लावले आहेत.