प्रति: पोरांच्या वावरात जायची गरज काय?
वर कोणीतरी म्हटलंय की बीएडच्या इंटर्नशिपमधे पोरांचे शेतीचे प्रोजेक्ट घरी जाऊन कशाला बघायचे, फोटो मागवा की झालं. मी यवतमाळकडे असताना आठवीतल्या एका पोरीकडे गेलो, तिनं घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवलेले, माझ्यासमोर उलगडून मोजले तर ७४ उगवलेले आणि वहीत मात्र ९० लिहिलेलं! विचारलं तर म्हणते, "सर, मार्क कटतीन ना." अगं पण ७० टक्के उगवलं तरी बियाणं पेरायला चालतं, तुझा खरा आकडाच पास होता (हे मलाही आदल्या रात्रीच कळलेलं, सांगितलं नाही). तेवढ्यात आजीनं चहा आणला न विचारलं, "मास्तर, तुमच्या घरी वावर हाय का?"