नवी ऑपरेटिंग सिस्टीम: आल्या आल्या टाकावी की थांबावं?

पाऊलवाट (धागाकर्ता)
माझं मत आधीच सांगतो. मोठी नवी आवृत्ती आली की ज्या मशीनवर पोट चालतं, त्यावर ती निदान तीन-चार महिने टाकू नये. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं १८०९ अपडेट आलं आणि काही जणांच्या फाइलीच उडाल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते थांबवलं, पुन्हा दिलं ते १३ नोव्हेंबरला. उबुंटूत (ही एक लिनक्स सिस्टीम) तर थांबणं हीच पद्धत आहे. २४.०४ एलटीएस (म्हणजे बरीच वर्षं सपोर्ट मिळणारी आवृत्ती) २५ एप्रिल २०२४ ला आली, पण २२.०४ वाल्यांना अपग्रेड सुचवलं जातं ते पहिल्या पॉइंट रिलीजनंतर, म्हणजे साठलेल्या दुरुस्त्या एकत्र करून ती पुन्हा दिली की. २४.०४.१ आली २९ ऑगस्टला. बनवणारेच चार महिने थांबवतात, मग आपल्याला कसली घाई?

अनुस्वार
अजिबात सहमत नाही.
१८०९ चंच बघा. फाइली जातायत अशा तक्रारी चाचणी करणाऱ्यांनी अपडेट येण्याआधीच नोंदवल्या होत्या, पण मोजक्या असल्याने त्या गर्दीत दबल्या. दोष माहीत होता, ओरडणारे कमी पडले. ते ओरडणारे म्हणजे पहिल्या दिवशी टाकणारे आम्ही. सगळेच थांबले तर तुमच्या चार महिन्यांत दुरुस्त काय होणार?
शिवाय थांबल्याने सगळं सुटत नाही. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट (जुन्या बांधणीची) अॅप्स बंद केली. ज्या अॅपची ६४-बिट आवृत्ती निघालीच नाही, ते पहिल्या दिवशीही बंद आणि वर्षानेही बंदच. तिथे आपली सॉफ्टवेअर आधी तपासणं उपयोगी, कॅलेंडर बघत बसणं नाही.

दीपमाळ
थांबण्याची सवय अंगाशी येते. मार्च २०१७ मध्ये विंडोजचा पॅच (दुरुस्ती) आला, मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. ज्यांनी पॅच टाकला नव्हता ते सापडले.

पाऊलवाट
@दीपमाळ, तो सुरक्षा पॅच होता, नवी आवृत्ती नव्हे. पॅच त्याच आठवड्यात टाका, माझंही तेच म्हणणं आहे. जुनी आवृत्ती सपोर्टमध्ये असेपर्यंत पॅच तिलाही मिळतात, म्हणून तर निवांत थांबता येतं. या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नका.

दीपमाळ
कागदावर वेगळ्या आहेत, मान्य. पण 'नंतर बघू' म्हणणारा माणूस दोन्हीला तेच म्हणतो. माझ्या घरातच बघतेय.

शेवाळ
मी ध्वनिमुद्रणाचं काम करते. मागे एकदा नवी आवृत्ती आली त्याच आठवड्यात टाकली. ईमेल, ब्राउझर, सगळं झकास. बाराव्या दिवशी पहिलं रेकॉर्डिंग लावलं तर ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) ओळखलाच जाईना. विंडोजमध्ये मागच्या आवृत्तीवर परतायला १० दिवस मिळतात, ते संपले होते. बॅकअप फाइलींचा होता, अख्ख्या सिस्टीमचा नव्हता. इंटरफेसच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) आला सात आठवड्यांनी, तोवर हातातलं काम दुसऱ्याकडे गेलं.
तेव्हापासून मी तारीख बघत नाही. अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घेते, ती एकदा दुसऱ्या डिस्कवर उतरवून चालू होते का ते पाहते (हे कंटाळवाणं आहे, पण न तपासलेल्या बॅकअपवर माझा काडीचा विश्वास नाही), आणि नवी सिस्टीम टाकली की पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक यंत्र जोडून खरं काम करून बघते. परत यायची वाट शाबूत असेल तर पहिल्या दिवशी टाका. नसेल तर सहा महिन्यांनीही टाकू नका.

अनुस्वार
@शेवाळ, हे पटलं. माझ्याकडे जुना लॅपटॉप वेगळा आहे, पहिल्या दिवशीचे प्रयोग त्याच्यावर होतात. हे मी वर लिहायलाच हवं होतं. एकच मशीन असलेल्याला मी 'लगेच टाक' म्हणणार नाही.

पाऊलवाट
मग आपण फार लांब नाही. पण डिस्कची इमेज घेऊन ती तपासणारे किती? माझ्या वडिलांना मी तीन महिने थांबायला सांगू शकतो, इमेज उतरवायला नाही.

दीपमाळ
आणि त्यांचे तीन महिने संपले हे त्यांना कोण सांगणार? विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चार वर्षं हातात असूनही कित्येक जण शेवटच्या आठवड्यात विचारत होते की आपल्या मशीनमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) आहे का. थांबा म्हणायचं असेल तर कधीपर्यंत ती तारीखही त्यांना लिहून द्या.