केशरी कार्डावर पाच माणसं, धान्य तिघांचंच. आणि आईचे पैसे कुठे गेले?

बांधावरून (प्रश्न)

बीड जिल्ह्यातल्या एका कुटुंबासाठी विचारतोय. घरात पाच जण: आई (वय ५८, विधवा), थोरला मुलगा, सून, चार वर्षांचा नातू आणि धाकटा अविवाहित मुलगा. थोरला आणि सून दर हंगामात सांगलीकडे ऊसतोडीला जातात, पोरगंही सोबत असतं. सून आता पाच महिन्यांची गरोदर आहे.

कार्ड केशरी. धान्य १५ किलो मिळतं, म्हणजे तिघांचंच. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, परभणी जिल्ह्यात. नातवाचं कुठेच नाही. आईला लाडकी बहीणचे पैसे यायचे, पण मागचे दोन हप्ते पासबुकात दिसत नाहीत. पोर्टलवर मात्र ‘जमा’ दाखवतं.

एक जण म्हणतो पिवळं कार्ड काढा, अंत्योदय मिळेल. दुसरा म्हणतो आईचा निराधारचाही (संजय गांधी निराधार योजनेचा) अर्ज टाका. एजंट प्रत्येक कामाचे वेगळे पैसे सांगतोय. आधी काय करायचं आणि कशाच्या मागे लागायचं नाही, ते सांगा.

---

पुरवठा_खिडकी

पिवळ्या कार्डाचा नाद आधी सोडा. कार्डाचा रंग वेगळा आणि धान्याचा हक्क वेगळा. केशरी कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे म्हणून तर तुम्हाला १५ किलो मिळतंय. प्राधान्याला माणशी ५ किलो. अंत्योदयाला कार्डामागे सरसकट ३५ किलो, मग घरात दोघं असोत की दहा. तुमचे पाचही जण चढले की २५ किलो होतात, येणाऱ्या बाळाचं नाव लागलं की ३०. सात माणसांवर दोन्ही बाजू सारख्या, आठव्यापासून प्राधान्यच भारी पडतं. अंत्योदयात वर एक किलो साखर २० रुपयांनी मिळते. एवढ्यासाठी तहसीलच्या चकरा मारून हातातलं बाकीचं काम लांबवू नका. जानेवारी २०२३ पासून धान्य दोन्हीकडे मोफतच आहे, त्यामुळे ‘हमाली’, ‘गाडीभाडं’ म्हणून कोणी दहा-वीस मागितले तर द्यायचे नाहीत.

आता नावं. इथे क्रम चुकला की महिने जातात.

नातवाचं काम सुनेवर अवलंबून ठेवू नका. जन्मदाखला आणि आधार असेल तर नमुना ८ भरून आजच अर्ज द्या. तहसीलच्या पुरवठा शाखेत कागदावर किंवा अन्न पुरवठा विभागाच्या ‘महाफूड’ आरसीएमएस पोर्टलवर, दोन्ही चालतं. जन्मदाखल्यावरचं बापाचं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षराअक्षराने जुळतंय का ते आधी बघा. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्ता’ एवढ्या फरकावरूनही अर्ज परत येतो.

सुनेचं नाव आधी माहेरी कमी व्हायला हवं (नमुना ९), मगच सासरी वाढेल. माहेरच्या कार्डात तिचा आधार चालू असेपर्यंत इकडचा अर्ज सिस्टीम दुबार म्हणून फेटाळते. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला हातात घ्या. तोंडी ‘केलं’ म्हटल्यावर विश्वास ठेवू नका, कार्डाचा बारा अंकी नंबर टाकून ऑनलाइन नाव गेलंय का ते पाहा. पण लग्नाचा दाखला आणि आधारवरचा नाव-पत्ता तयार नसेल तर तिकडचं नाव कमी करायची घाई नको. मधल्या काळात ती दोन्हीकडून सुटते आणि दर महिन्याचे पाच किलो बुडतात. मागचं धान्य नंतर कोणी देत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो: अर्ज मंजूर झाला, नाव कार्डावर दिसलं, तरी धान्याचं युनिट (म्हणजे माणशी वाटा) लगेच वाढेलच असं नाही. राज्याला ठरवून दिलेला इष्टांक (किती जणांना धान्य द्यायचं ती मर्यादा) ७ कोटींचा आहे आणि तो तालुक्यांना वाटलेला असतो. तालुक्यात जागा नसेल तर नाव कार्डावर येतं, धान्यात येत नाही. म्हणून खिडकीवर ‘नाव वाढलं का?’ असं विचारू नका, ‘प्राधान्यात युनिट किती दिसतात?’ असं विचारा. पावतीवरही तेच बघायचं.

---

कोयता_हंगाम

वरच्यात भर. हंगामात थोरल्याच्या वाट्याचं धान्य सांगलीत उचलता येतं. कार्ड तिकडे बदलून न्यायची अजिबात गरज नाही, उलट बदललं तर आईचे वांधे होतील. राज्यात कुठल्याही रास्त भाव दुकानात बारा अंकी नंबर किंवा आधार सांगून बोट लावलं की झालं. टोळी सीमा ओलांडून कर्नाटकात गेली तरी एक देश एक रेशनमध्ये चालतं.

भांडण होतं ते वाटणीवरून. महिन्याचा कोटा कार्डाचा असतो. थोरल्याने फडाजवळच्या दुकानात बोट लावलं आणि दुकानदाराने सगळा कोटा त्याच्या नावावर काढला, की गावात आईला शून्य. अर्धवट उचल करायची सोय व्यवस्थेत आहे, पण बोट ठेवायच्या आधी सांगावं लागतं: ‘आमच्या वाट्याचे इतकेच किलो काढा, बाकी गावाला राहू द्या.’ पावती निघाल्यावर काही उलटवता येत नाही. आईने महिन्याच्या सुरुवातीलाच उचललं तर प्रश्नच मिटतो, पण तिनेही आपल्या वाट्याचंच उचलायला हवं. चालू महिन्याचं धान्य पुढच्या महिन्यात मिळेल असं धरून चालू नका.

ई-केवायसीसाठी (आधारवरून ओळख पटवण्यासाठी) हंगाम सोडून गावी यायचं कारण नाही. प्रत्येक सदस्याचं बोट कुठल्याही दुकानातल्या पॉस मशीनवर घेतात. चेहरा दाखवून मोबाइलवरूनही ‘मेरा ई-केवायसी’ ॲपमध्ये होतं, मात्र त्याच्या जोडीला आधारचं फेस आरडी ॲप लागतं आणि ओटीपीसाठी आधारला जोडलेला नंबर चालू हवा. नातू पाचच्या आतला आहे, त्याला आत्ता बोटं लागत नाहीत. पाच पूर्ण झाल्यावर आधी आधार केंद्रात बोटं-डोळे नोंदवा (५ ते ७ वयात मोफत आहे), मग वर्षाच्या आत केवायसी. हे राहून गेलं की युनिट गळतं आणि दुकानदार सांगतो ‘वरून कमी झालं’.

रेशनच्या नियमांतल्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर सहा महिने अजिबात उचल नसलेली कार्डं बंद करून तपासणीला लावतात. आई गावात आहे म्हणून तुम्हाला धोका नाही. ज्यांचं घर कुलूप लावून हंगामाला जातं त्यांनी तिकडे उचल करायलाच हवी.

---

पासबुकवाली

मी पैशाचं सांगते. पोर्टलवर ‘जमा’ आणि पासबुकात काही नाही, याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो: पैसे दुसऱ्या खात्यात गेलेत. खात्याला आधार ‘जोडलेला’ असणं आणि थेट लाभासाठी ‘सीड’ असणं वेगळं. आधार अनेक खात्यांना जोडता येतो, पण एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) यादीत एका वेळी एकच बँक असते आणि सगळ्या योजनांचे आधारवरून येणारे पैसे तिथेच जातात. अर्जात कुठला खाते नंबर लिहिलाय याला तिथे किंमत नाही. शेवटी ज्या बँकेने सीड केलं ती बँक. गावात कोणी टॅब घेऊन आलं, ‘झिरो बॅलन्स खातं’ म्हणून अंगठा घेतला आणि फॉर्ममध्ये सीडिंगला होकाराची खूण केली की मागची बँक आपोआप सुटते.

शोधायचं असं: आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. ओटीपीनंतर बँकेचं नाव आणि सीडिंगची तारीख दिसते. नंबर बंद असेल तर ग्राहक सेवा केंद्रात जा आणि आधारवर नुसती शिल्लक बघायला सांगा, बँकेचं नाव निवडताना सापडेल. पैसे बुडालेले नसतात, त्या खात्यातून काढता येतात. मग आईला जी बँक हवी तिथे सीडिंगचा फॉर्म द्या, पोच घ्या, आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा. ‘करून टाकतो’ म्हणून फॉर्म ड्रॉवरमध्ये राहिल्याची उदाहरणं हवी तेवढी आहेत.

बँक कुठली? किमान शिल्लक कापणारं बचत खातं नको. ‘मूलभूत बचत ठेव खातं’ असं नाव घेऊन मागा. किमान शिल्लक लागत नाही आणि महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट. त्याच बँकेत आधीचं साधं बचत खातं असेल तर ते ३० दिवसांत बंद करावं लागतं. आईला चालणं जड असेल तर पोस्ट पेमेंट्स बँक बरी, पोस्टमन घरी मशीन घेऊन येतो.

अंगठ्यावर पैसे काढताना ‘फेल झालं, परत लावा’ म्हटलं तर लगेच परत लावू नका. आधी शिल्लक बघा. व्यवहार फसला आणि रक्कम मात्र कापली गेली, तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण छापील स्लिप नसेल तर तुम्ही भांडणार कशावर?

निराधारबद्दल: नको. दोन्ही १५०० च आहेत आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १५०० किंवा जास्त घेणारी बाई लाडकी बहीणमध्ये बसत नाही. आधारवर हे पकडलं जातं. शिवाय निराधारला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत दाखवावं लागतं. दोन कमावती पोरं असताना तसा दाखला निघणं कठीण, आणि खोटा काढला तर वसुली येते. आई ६५ ची झाली की लाडकी बहीण थांबेल, तेव्हा श्रावणबाळचा (ज्येष्ठांच्या पेन्शन योजनेचा) विचार करा. आत्ता तिची लाडकी बहीणची ई-केवायसी झाली आहे का एवढं बघा. पती हयात नसलेल्यांना पतीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायला सांगितलं होतं. तो कागद राहिला असेल तर सेविकेला भेटा. सुनेच्या लाडकी बहीण अर्जासाठी मात्र एजंटला पैसे देऊ नका, नव्या अर्जांची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ ला संपली आहे.

---

सेविका_मदतनीस

सुनेची गरोदरपणाची नोंदणी झाली का ते कोणीच विचारलं नाही, आणि तेच सगळ्यात आधीचं काम आहे. आजच आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात नोंद करा, माता-बाल संरक्षण कार्ड घ्या आणि हंगामाला जाताना ते सोबत ठेवा.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० (३००० आणि २००० असे दोन हप्ते), दुसऱ्याला फक्त मुलगी झाली तर ६००० एकरकमी. नातवाच्या वेळचे ५००० आता मिळणार नाहीत. बाळाच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत अर्ज लागतो. दुसऱ्या बाळासाठी गरोदरपणातच नोंदणी झालेली असणं ही अट आहे, आणि ती फडावर राहिल्यामुळे चुकते. पैसे सुनेच्या स्वतःच्या सीड झालेल्या खात्यात येतात, नवऱ्याच्या नाही. तिचं सीडिंगही आत्ताच तपासा.

अनुसूचित जाती-जमातीचं किंवा दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर जननी सुरक्षातून ग्रामीण भागात दवाखान्यातल्या बाळंतपणाला ७००, शहरात ६००, सिझेरियनला १५००.

अंगणवाडीचा घरपोच आहार गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने मिळतो. नातू तीन वर्षांवरचा असल्याने त्याला अंगणवाडीतच गरम आहार. सांगलीत ज्या गावाच्या शिवारात कोपी (राहायची झोपडी) असेल तिथल्या अंगणवाडीत नाव लावता येतं, पण इथल्या सेविकेला सांगून पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर) स्थलांतर करून घ्या. दोन ठिकाणी एकच आधार चालत नाही. आता आहार देताना चेहरा जुळवतात, त्यामुळे सुनेला स्वतः जावं लागतं, शेजारणीला पाठवून मिळत नाही. जाण्याआधी ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्रही काढून ठेवा.

---

बांधावरून

बँकेचा पत्ता लागला. सीडिंग वेगळ्याच बँकेत निघालं, पैसे तिथे आहेत. आता दोन गोष्टी: आईची बोटं मशीनवर उमटतच नाहीत, दुकानदार परत पाठवतो. आणि तांदळात वेगळे, पिवळसर दाणे असतात, पाण्यावर तरंगतात. ती ते प्लास्टिक समजून निवडून टाकते.

---

पुरवठा_खिडकी

बोटांसाठी: हात साबणाने धुऊन कोरडे करा, अंगठ्याचा हट्ट सोडून दहाही बोटं लावून बघा, ज्यांच्या हाताला कामाचे घट्टे आहेत त्यांची करंगळी किंवा अनामिका पुष्कळदा चालते. नाही चाललं तर डोळ्याचं यंत्र, तेही नसेल तर आधारच्या मोबाइलवर ओटीपी. धाकट्याचं नाव त्याच कार्डावर आहे, त्याने बोट लावलं तरी पूर्ण धान्य निघतं. एवढ्या वाटा असताना रिकाम्या हाताने परत पाठवणं नियमात बसत नाही. आधी गावच्या दक्षता समितीला सांगा, मग तहसीलच्या पुरवठा निरीक्षकाकडे लेखी द्या किंवा १९६७ ला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. तक्रारीत बारा अंकी नंबर, दुकान क्रमांक आणि तारीख हवी. ‘धान्य देत नाहीत’ एवढ्यावर काही होत नाही.

ते दाणे प्लास्टिक नाहीत. पोषणयुक्त तांदूळ आहे तो: तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून दाणे करतात आणि १०० दाण्यांमागे साधारण एक मिसळतात. हलके असल्याने तरंगतात. घरात गरोदर बाई असताना नेमके तेच निवडून टाकणं म्हणजे उलटंच झालं. तांदूळ एक-दोन पाण्यात हलका धुवा, चोळून चार-पाच वेळा नको, आणि मोजकं पाणी घालून शिजवा. पेज काढून ओतली की जीवनसत्त्वं तिच्यासोबत जातात. 

---

कोयता_हंगाम

भाकरी खाणाऱ्या घरात तांदूळ साचतो आणि मग व्यापाऱ्याकडे जातो. तो विकणं गुन्हा आहे, आणि भावही मातीमोल मिळतो. त्यापेक्षा तांदूळ दळून ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा मिसळा, कढत पाण्यात पीठ मळा. भाकरी तुटत नाही आणि बाजारची ज्वारी तेवढी कमी लागते. गहू उन्हात वाळवला तर पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरला की आत घाम धरून किडे होतात. तांदूळ कडक उन्हात घालू नका, तडकतो आणि भाताचा गोळा होतो.