मदत हवी आहे: डेशियाचा नकाशा नक्की किती तुकड्यांत काढायचा?

नमस्कार मंडळी,

रोमन सरहद्दीवरच्या प्रांतांचे नकाशे मराठीत करायला घेतलेत. डेशियापाशी, म्हणजे आजच्या रुमानियात, गाडी अडली आहे.

इ.स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्राजनने डेशियाचा राजा देकेबालसचा पाडाव केला आणि डॅन्यूब नदीच्या उत्तरेला एक प्रांत झाला. इथवर सोपं. पुढचा सम्राट हेड्रियनने मात्र ११७ नंतर हात आखडता घेतला: पूर्वेचा सखल मुलूख सोडला, उरलेल्याचे सुपीरियर (वरचा) आणि इन्फीरियर (खालचा) असे दोन प्रांत केले आणि लवकरच उत्तरेला पोरोलिसेन्सिस वेगळा काढला. १६८ च्या सुमारास सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात सुपीरियरचा आपुलेन्सिस झाला, इन्फीरियरचा माल्वेन्सिस, आणि तिन्हींवर एकच गव्हर्नर आला.

प्रश्न असा की या वेळी नुसत्या पाट्या बदलल्या की हद्दीही हलल्या?

पुढे तर कहरच. २७० च्या दशकात सम्राट ऑरेलियनने उत्तरेचा सगळा प्रांत सोडला आणि नदीच्या दक्षिणेला मोएशिया, थ्रेस या प्रांतांचा मुलूख कापून नवा डेशिया मांडला. प्रांत गेला, नाव ठेवलं! दोन्हींना एकच रंग द्यावा का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

आपुलेन्सिसचं केंद्र आपुलम, आजचं आल्बा यूलिया, त्यामुळे तिथे अडचण नाही. घोळ माल्वेन्सिसचा आहे. माल्वा हे गावच अजून नक्की सापडलेलं नाही, म्हणून हद्दीवर अभ्यासकांचं एकमत नाही. तिथे तुटक रेघ मारा, ठाम रेघ मारू नका.

रंग वेगळेच द्या. दक्षिणेच्या डेशियाचेही पुढे दोन भाग झाले: नदीकाठचा रिपेन्सिस (राजधानी रातियारिया) आणि आतला मेडिटेरेनिया (सेर्डिका, म्हणजे सोफिया). सम्राट कॉन्स्टन्टाइनचं जन्मगाव नाइसस (आजच्या सर्बियातलं निश) मेडिटेरेनियात मोडायचं. एकच रंग दिलात तर वाचक त्याला रुमानियात जन्माला घालतील.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर: तिसऱ्या शतकात नावाचं मोठं शीर्षक 'डेशिया' असंच ठेवा, तीन भाग बारीक अक्षरांत. सम्राट फिलिप दि अरबच्या काळात, २४६ पासून निघालेल्या तांब्याच्या नाण्यांवर 'प्रोविन्किया डाकिया' एवढंच आहे. मधे उभी बाई, एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला सिंह. ही तिथल्या दोन लीजनांची (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांची) चिन्हं. नाण्यावर वर्षही असतं, पण ते प्रांताचं स्वतःचं, २४६ ला पहिलं धरून मोजलेलं. नकाशाच्या कोपऱ्यात ते नाणं काढलंत तर छान दिसेल.